केतकी हलत नव्हती

“लेन्समध्ये कंजुषी करायची नाही, नंदिनी. कॅमेऱ्याची बॉडी साधी घेतलीस तरी चालेल, पण काच उत्तम हवी,” असं म्हणत अभय भाऊजींनी माझ्यासमोरची छोटी लेन्स बोटाने बाजूला सारली.

मी ती परत पुढे ओढली.

“मला घरातले फोटो काढायचेत, भाऊजी. पक्ष्यांचे नाहीत.”

“घरातल्यांसाठीच सांगतोय. या लेन्सने सगळं सपाट येतं. ओळखपत्रावर असतो तसा फोटो. माणूस उठून दिसला पाहिजे.”

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानात आम्ही उभे होतो. शनिवारची सकाळ होती. सांगलीहून भाऊजींच्या गाडीतून आलो होतो. भाऊजी, त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे माझा नवरा सुकुमार, मी आणि आमची केतकी. सुकुमार गाडी लावायला जागा शोधत गेला होता.

भाऊजी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन तळ्याकाठी जाऊन बसायचे. आमचं घर एकच, दुमजली. खाली सासू-सासरे, भाऊजी, माझ्या जाऊबाई आणि त्यांची मुलगी मृणाल. वर आम्ही तिघं. घरातला प्रत्येक फोटो भाऊजींनीच काढायचा असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण तसंच चालत आलं होतं. त्यामुळे मी स्वतःसाठी कॅमेरा घ्यायचा म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं होतं, थोडं लागलंही असावं. तरी स्वतःहून बरोबर आले. दुसऱ्या दिवशी इचलकरंजीची मंडळी मृणालला बघायला येणार होती, त्यासाठी त्यांना एक नवा फ्लॅशही घ्यायचा होता.

मला कॅमेरा हवा होता तो केतकीमुळे.

ती तिसरीत होती. शाळेत बाईंनी ‘माझं कुटुंब’ असा तक्ता करायला सांगितला होता आणि त्यावर चिकटवायला सगळ्यांचा एकत्र फोटो हवा होता. मी कपाटातले फोटो काढून जमिनीवर पसरले. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचा होता, दिवाळीचे होते, मृणालला पदवी मिळाली तेव्हाचे होते. सगळे सुंदर. आणि प्रत्येकात केतकीच्या जागी एक अस्पष्ट रंगीत आकृती. कधी पिवळा फ्रॉक, कधी निळा. चेहरा नाहीच.

“मी हलते ना, म्हणून,” केतकी म्हणाली होती. “अभयकाका म्हणतात, केतकी, तुझ्या अंगात पारा भरलाय.”

त्यानंतर एकदा मी बेडरूममध्ये गेले तर ती आरशासमोर ताठ उभी. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी आलेलं. मला वाटलं काही घशात अडकलं. धावत जाऊन पाठीवर थापटलं तर तिने भस्सकन श्वास सोडला आणि वैतागून म्हणाली, “काय गं आई! मी न हलायची प्रॅक्टिस करत होते.”

त्याच आठवड्यात मी सुकुमारला म्हटलं, मला कॅमेरा घ्यायचाय.

दुकानाचे मालक चिकोडे म्हणून होते. जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेला. दोघांचंही म्हणणं ऐकून घेऊन त्यांनी मला विचारलं, “ताई, फोटो कुठं काढणार? घरात? ट्यूबलाइटखाली? का बाहेर फिरायला गेल्यावर?”

“घरात जास्त. माणसं आठ-दहा असतात. आणि हिचे,” मी केतकीच्या डोक्यावर हात ठेवला.

“मग ही कॅमेऱ्याबरोबर येते ती किट लेन्सच घ्या. जवळचं, लांबचं, दोन्ही भागतं. अगदीच घरात अंधार पडत असेल तर ही पन्नास एमएमची लेन्स जोडीला घ्या. झूम होत नाही, पण कमी उजेडात चालते. ट्रायपॉड-बिपॉड आता नको. वापरून बघा, गरज वाटली तर या.”

“पन्नास ठीक आहे,” भाऊजी म्हणाले, “पण पंच्याऐंशी घेतली तर पोर्ट्रेटला तोड नाही. आयुष्यभर पुरेल.”

“पण साहेब, पंच्याऐंशी घेतली तर घरात ग्रुप काढायला ताईंना मागं सरकत सरकत गॅलरीच्या बाहेर लोंबकळायला लागंल,” चिकोडे म्हणाले आणि स्वतःच हसले. “थांबा, लावून दाखवतो. बाळ, ये बघू. त्या दारापाशी उजेडात उभी राहा.”

केतकी गेली आणि उभी राहिली. हात मांड्यांना चिकटवलेले. मला दिसलं की तिने श्वास रोखला आहे.

चिकोड्यांनी किट लेन्स लावली, डोळ्याला कॅमेरा लावला आणि परत खाली केला. “अगं, श्वास घे की! काय डॉक्टरचा एक्स-रे आहे का हा?”

ती हसली. त्यांनी तेवढ्यात बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांनी फोटो दाखवला. केतकी पाय उंचावून बघत होती. पडद्यावर ती होती, अख्खी, हसणारी. पुढचा पडलेला दात, कपाळावर आलेले केस, आणि तिचे डाग. दोन्ही डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, ओठांच्या उजव्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत उतरलेला एक मोठा पांढरा पट्टा. सहाव्या वर्षी तिला कोड सुरू झालं होतं. सांगलीत दोन डॉक्टर झाले, मिरजेत एक झाला. तिघांनीही तेच सांगितलं होतं. याने जिवाला काही होत नाही, हे कुणाला लागत नाही, औषधाने थोडं कमी होईल किंवा होणार नाही. आम्ही औषध करत होतो.

“मी हलले नाही!” केतकी ओरडली. “काका, बघा, मी हलले नाही!”

भाऊजी नव्या फ्लॅशचा खोका उघडण्यात गुंतले होते. “शाब्बास,” ते वर न बघता म्हणाले.

तिला तो कॅमेरा हातात हवा होता. चिकोड्यांनी पट्टा तिच्या गळ्यात घातला आणि तिला काउंटरच्या पलीकडे नेऊन कुठून बघायचं, कुठे दाबायचं ते दाखवू लागले.

“भाऊजी, मला एक नीट समजवा,” मी म्हटलं. “माणूस उठून दिसतो म्हणजे नेमकं काय होतं?”

असं कुणी विचारलं की त्यांना आवडायचं. त्यांचा कॅमेरा गळ्यात होताच. तो सुरू करून ते मागचे फोटो सरकवत गेले. मृणालचा एक फोटो आला, बागेतला, निळ्या साडीतला. स्थळांना पाठवायला काढलेला.

“हे बघ. मागे काय आहे सांग.”

“हिरवं हिरवं काहीतरी.”

“मागे कंपाउंडची भिंत आहे, पाण्याची टाकी आहे, वाळत घातलेले कपडे आहेत. आहे का त्यातलं काही? लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवायचं. मग ज्याच्यावर फोकस केला तेवढाच स्पष्ट, त्याच्या मागचं-पुढचं सगळं विरघळतं. नको असलेलं काढून टाकायला पुन्हा कॉम्प्युटरवर बसायला नको.”

“आणि तोंड बारीक केलं तर?”

“तर सगळं स्पष्ट. पुढचे-मागचे सगळे. ग्रुप फोटोला तसंच करतात.”

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तेव्हा बारा वर्षं झाली होती. दिवसभर मायक्रोस्कोपच्या नळीतून बघायचं. एका थरावर फोकस आणला की खालचा थर धूसर होतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि काचपट्टी हलली तर काय दिसतं, तेही ठाऊक होतं. हललेली गोष्ट एका बाजूला ओढली जाते, तिची रेघ उमटते. फोकसबाहेरची गोष्ट सगळीकडून सारखी पसरते. दोन्हींत गल्लत होत नाही.

“बाबांच्या पंचाहत्तरीचा फोटो आहे का यात?” मी विचारलं.

“असेल की.” त्यांनी शोधून काढला. मी कॅमेरा त्यांच्या हातातून घेतला आणि फोटो मोठा केला.

पुढे खुर्च्यांवर सासू-सासरे. त्यांच्या मागे भाऊजी सोडून आम्ही सगळे. आमच्याही मागे, हॉलच्या खांबापाशी, केतकी. घरातली सगळ्यात लहान पोर सगळ्यात मागे. ‘केतकी, तू तिकडं जा, खांबापाशी. तिथं छान दिसतेस,’ असं त्या दिवशी भाऊजींनी सांगितलेलं मला आठवलं. तिच्या शेजारी तो खांब होता. खांबावर झेंडूची माळ गुंडाळली होती.

माळही विरघळलेली होती. खांबही. केतकी जेवढी धूसर, तेवढाच खांब धूसर.

“भाऊजी, हा खांब पण हलला का?”

मी पुढचा फोटो पडद्यावर आणला. दिवाळीचा. अंगणात सगळे उभे, केतकी मागे पायरीवर, आणि तिच्याबरोबर पायरी, पायरीवरच्या पणत्या, दाराची चौकट, सगळं विरघळलेलं. त्याच्या पुढचा. त्याच्याही पुढचा.

“ग्रुप फोटोला तोंड बारीक करतात म्हणालात ना आत्ता?”

“नंदिनी, हळू बोल. दुकान आहे.”

“दोन वर्षं तुम्ही त्या पोरीला सांगताय की ती हलते.”

“मग काय सांगायला हवं होतं? तिच्या तोंडावर सांगायचं होतं का?” त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला. “मृणालची स्थळं बघतोय आम्ही. लोक फोटो मागतात, घरातल्या सगळ्यांचे मागतात. घराण्यात कोड आहे म्हटलं की पुढचं बोलणं थांबतं. दोन ठिकाणी थांबलंय. तुला माहीत नाही, मी तुला ते कळू दिलं नाही. पोरीच्या मनाला लागू नये, तुझ्या लागू नये, असं जेवढं करता येईल तेवढं केलं मी. आणि मी एकट्याने नाही ठरवलं. सुकुमारला विचारूनच केलं सगळं.”

सुकुमार दारात उभा होता. गाडीची किल्ली बोटात फिरवत आत आला होता आणि तिथेच थांबला होता. किती ऐकलं होतं कोण जाणे. त्याच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर मला काही विचारायची गरज राहिली नाही. तरी विचारलं.

“तुला माहीत होतं?”

“बाहेर चल,” तो म्हणाला.

फुटपाथवर एका स्कूटरपाशी आम्ही उभे राहिलो. काचेतून आतली केतकी दिसत होती. ती चिकोड्यांचा फोटो काढत होती, आणि ते कमरेवर हात ठेवून ऐटीत उभे होते.

“दादा म्हणाला मृणालचं ठरेपर्यंत. मी म्हटलं ठीक आहे, थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे. तिला काय कळतंय त्यातलं?”

“ती आरशासमोर श्वास कोंडून उभी राहते, सुकुमार. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. न हलायची प्रॅक्टिस करते.”

“मला माहीत नव्हतं.”

“तुला एवढं माहीत होतं, तेवढं पुरेसं नव्हतं?”

“ओरडू नकोस. लोक बघतायत.”

“बघू देत. बघू देत ना! कुणीतरी बघू दे एकदा!”

तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. तेरा वर्षांच्या संसारात मी त्याच्यावर चिडले नव्हते असं नाही. पण त्या दिवशी जे वाटलं त्याला मी चिडणं म्हणणार नाही. तो समोर उभा असलेला माणूस मला अनोळखी वाटायला लागला होता, आणि त्याच्या हातातली किल्ली ओढून रस्त्यावर भिरकावून द्यावी असं वाटत होतं. मी दुकानात परत गेले. तो मागोमाग आला.

“भाऊजी, केतकीला सांगा,” मी म्हटलं. “एवढंच सांगा की ती हलत नव्हती. बाकी काही नको.”

“तमाशा करू नकोस.”

“तुम्ही सांगितलं होतं, तुम्हीच ते मागे घ्या.”

केतकीने कॅमेरा खाली केला. ती आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होती. चिकोडे काहीतरी शोधायच्या निमित्ताने आतल्या खोलीत निघून गेले.

भाऊजींनी घसा खाकरला. “केतकी, बाळा, ते फोटो… तू हलत नव्हतीस. माझ्या कॅमेऱ्याचंच काहीतरी–”

“कॅमेऱ्याचं नाही,” मी म्हटलं.

“मग?” केतकीने विचारलं.

भाऊजी फ्लॅशचा खोका बंद करत होते, त्याचं झाकण बसत नव्हतं. रागाच्या भरात मी त्यांना इथवर ओढत आणलं होतं, आणि आता पुढचं वाक्य माझ्याही तोंडातून निघत नव्हतं.

सुकुमार तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. “तुझे डाग फोटोत दिसू नयेत म्हणून, केतू. लोक काहीबाही विचारतात, ताईचं लग्न जमायचंय, म्हणून. काकांनी ते मुद्दाम तसे काढले. मला माहीत होतं. आमचं चुकलं.”

केतकी रडली नाही. गळ्यातला पट्टा काढून तिने कॅमेरा अलगद काउंटरवर ठेवला आणि बापाला समजावल्यासारखी म्हणाली,

“मग मला सांगायचं ना, पप्पा. मी फोटोत आलेच नसते. बाजूला जाऊन उभी राहिले असते.”

त्यानंतर दुकानात काय बोलणं झालं ते मला सलग आठवत नाही. मी चिकोड्यांना हाक मारली आणि किट लेन्ससकट कॅमेरा बांधून द्यायला सांगितला एवढं आठवतं. पन्नासची लेन्सही घेतली. भाऊजी म्हणाले, “गाडी आणतो.” मी म्हटलं, “आम्ही एसटीने जाऊ.” सुकुमार कुणाबरोबर जायचं ते न ठरवता थोडा वेळ उभा राहिला, आणि मग आमच्यामागे स्टँडवर आला. बसमध्ये तो वेगळ्या सीटवर बसला. मी बसवलं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मृणाल धाडधाड जिना चढून वर आली. फार्मसी कॉलेजात शिकवायची ती, चोवीस वर्षांची. केतकीवर तिचा जीव होता. हाताला कणिक लागलेली, दुसऱ्या दिवशीच्या फराळाची तयारी चालली होती खाली.

“काकू, ही काय म्हणतेय?” तिने केतकीला मनगटाला धरून आणलं होतं. “मला विचारते, ताई, उद्या पाहुणे येतील तेव्हा मी कुठं बसू? वरच थांबू की गच्चीवर जाऊ?”

मी केतकीला टीव्ही लावून दिला आणि मृणालला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. सांगताना मला वाटलं ती रडेल. पण तिचे ओठ आवळत गेले, आणि नाकपुड्या थेट तिच्या बापासारख्या फुगल्या.

“माझ्या नावावर,” ती म्हणाली. “दोन वर्षं हे माझ्या नावावर चाललंय.”

तिने नळाखाली हात धुतले, ओढणीला पुसले आणि मोबाइल काढला. मुलाचा नंबर तिच्याकडे होता. मध्यस्थांनी दोघांना एकदा बोलू दिलं होतं. मी काही म्हणायच्या आत तिने फोन लावला.

“मी मृणाल मगदूम बोलतेय. उद्या तुम्ही येणार आहात, त्याआधी एक सांगायचं होतं. माझ्या चुलत बहिणीला कोड आहे. हो, कोडच. चेहऱ्यावर आहे. तुम्हाला पाठवलेल्या फोटोत ती दिसत नाही, कारण दिसू दिलेली नाही… नाही, मला नाही. पण उद्या मला झालं तर काय, तेही विचारून घ्या घरी… हो. उद्या ती माझ्या शेजारी बसणार आहे. हे चालणार असेल तरच या.”

तिने फोन ठेवला. “बाबा मारतील मला,” ती म्हणाली आणि हसली. मग मात्र ओट्याला टेकून रडली.

रविवारी इचलकरंजीहून कुणी आलं नाही. सकाळी मध्यस्थांचा फोन आला, मुलाच्या आजीची तब्येत बिघडली आहे, पुढचं नंतर कळवतो. खाली सतरंज्या घातलेल्या होत्या. पोह्यांची फोडणी झाली होती. भाऊजींनी बहुधा मध्यस्थांना खोदून विचारलं असावं, आणि त्यांनी ‘तुमच्या घरातून कुणीतरी बाईमाणसाने फोन करून सांगितलं’ एवढंच सांगितलं असावं. कारण थोड्या वेळाने ते जिना चढून वर आले. मृणाल माझ्याकडेच होती, केतकीच्या वेण्या घालत होती.

“तू फोन केलास,” भाऊजी मला म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी आमचा उंबरठा चप्पल घालून ओलांडला नव्हता. त्या दिवशी ओलांडला. “माझ्या पोरीचं वाटोळं केलंस तू. कालचा सूड उगवलास.”

मृणाल उठली. “बाबा–”

मी तिचा हात धरला आणि मागे ओढला. “हो,” मी म्हटलं. “मीच केला.”

सुकुमार आतून बाहेर आला होता. त्याला खरं काय ते आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. भाऊजींनी त्याच्याकडे बघितलं, त्याने काहीतरी बोलावं म्हणून वाट बघितली. सुकुमार माझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि गप्प राहिला. त्या दोन दिवसांत त्याने केलेली तेवढीच एक गोष्ट मला पटली.

मृणालला त्या घरात राहायचं होतं, म्हणून मी तिला वाचवलं, असं सुकुमार मला म्हणतो. ते खरं आहे, पण सगळं खरं नाही. तो फोन मला करायचा होता. माझ्या आधी तिने केला.

याला आता तेरा वर्षं झाली. मृणालने पुढे तिच्या पसंतीने लग्न केलं, पुण्याला असते. केतकी आर्किटेक्चरला आहे. डाग मानेपर्यंत पसरलेत; तिला वाटलं तर ती झाकते, नाही वाटलं तर नाही. भाऊजी अजून खालीच राहतात, आणि माझ्याशी बोलत नाहीत. जिन्यात समोरासमोर आलो तर भिंतीकडे तोंड करून थांबतात.

मृणाल आली की दर वेळी म्हणते, “काकू, आता बाबांना सांगून टाकते मी. किती दिवस तुम्ही हे अंगावर घेणार?”

मी तिला म्हणते, राहू दे. त्यांचा माझ्यावरचा राग मला जड झालेला नाही. माझा त्यांच्यावरचा अजून संपलेला नाही.